सावरण्याच्या काळात अचानक येणाऱ्या आठवणी: त्या आल्यावर काय करावे, काय टाळावे

अपघात, हिंसाचार, लैंगिक अत्याचार, युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा बालपणी दीर्घकाळ सोसलेला छळ यांतून बाहेर पडून सावरू लागलेल्या माणसाला एक अनुभव फार गोंधळात टाकतो. झोप बरी लागू लागलेली असते, कामात मन रमू लागलेले असते, आणि अशाच एखाद्या साध्या दिवशी, कोणी विषयही काढलेला नसताना, त्या काळातला एखादा तुकडा एकदम समोर उभा राहतो. कधी ते चित्र असते, कधी नुसता वास, कधी पोटात पडलेला खड्डा, तर कधी आजवर एकदाही न आठवलेला तपशील. अशा वेळी अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आतापर्यंतचे सगळे कष्ट वाया गेले. हा विचार बहुधा चुकीचा असतो आणि त्याच्या भरात उचललेली पावले कधीकधी आठवणीपेक्षा जास्त नुकसान करतात. अचानक आलेल्या आठवणीला लगेच उत्तर देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नसते. तिला हाकलायचे नसते, तिचा माग काढत खोल उतरायचे नसते आणि तिच्या आधारावर त्याच दिवशी काही ठरवायचे तर मुळीच नसते.

हा लेख प्रौढ वाचकांसाठी आहे आणि तो उपचारांना पूरक आहे, उपचारांच्या जागी नाही. वाचताना छातीत धडधड वाढली किंवा बधिर वाटू लागले, तर ‘पहिली काही मिनिटे’ हा भाग आधी वाचून बाकीचा लेख दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

आठवण अशी अवचित का येते

साध्या आठवणीला काळाचे भान असते. शाळेतला पहिला दिवस आठवला, तरी तो कधीचा होऊन गेला हे आपल्याला त्याच क्षणी ठाऊक असते. आघाताच्या वेळी मात्र भीतीची यंत्रणा, म्हणजे मेंदूतला अमिग्डाला हा भाग, अत्यंत जागृत असतो, आणि प्रसंगाला स्थळकाळाच्या चौकटीत बसवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे काम विस्कळीत होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रूइन यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या सिद्धान्तानुसार अशा प्रसंगाची नोंद दोन प्रकारे होते: एक शब्दांत सांगता येणारी, आणि दुसरी रंग, आवाज, स्पर्श, वास, शरीराची अवस्था यांच्या रूपातली. दुसरी नोंद इच्छेने आठवता येत नाही, पण तिच्याशी मिळतेजुळते काही भोवताली आले की ती आपोआप जागी होते. तिच्यावर काळाचा शिक्का नसल्यामुळे ती जागी झाली की घटना आत्ता, याच क्षणी घडते आहे असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, ओळखताना वर्तमानात पुन्हा घडत असल्याच्या या जाणिवेला मध्यवर्ती स्थान दिलेले आहे.

यावरून एक व्यवहारोपयोगी गोष्ट लक्षात येते. आठवणीला चाळवणारी गोष्ट, जिला थेरपीत ट्रिगर म्हणतात, ती मूळ घटनेशी अर्थाने जोडलेली असेलच असे नाही. केवळ प्रकाशाची तिरीप, विशिष्ट साबणाचा वास किंवा मागून येणाऱ्या पावलांची लय तेवढी सारखी असते. वासाचे हे सामर्थ्य विशेष मोठे आहे, कारण गंधाच्या संवेदनेचा अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांच्याशी असलेला संबंध इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट असतो. म्हणूनच ‘काहीच कारण नसताना’ आलेल्या बहुतेक आठवणींना कारण असते, फक्त ते आपल्या ध्यानात आलेले नसते.

मग ती नेमकी बरे वाटू लागल्यावरच का यावी? जोवर धोका संपलेला नसतो, तोवर मन तग धरण्यात गुंतलेले असते. विषय टाळणे, सतत कामात बुडून राहणे, भावना बधिर करून घेणे हे सारे त्या तग धरण्याचेच प्रकार आहेत. सुरक्षितता आल्यावर हे बांध सैल होतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुटल्यावरही पूर्वी दबलेले काही काळ वर येते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यांत सुरक्षितता पहिली आहे आणि आठवण व शोक हा टप्पा तिच्यानंतरचा. याशिवाय घटनेची तारीख किंवा तो ऋतू जवळ येणे, आपले मूल त्या वेळच्या आपल्या वयाचे होणे, आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण, एखाद्याचा मृत्यू, अशी निमित्तेही असतात. ती आधी माहीत असतील तर त्या दिवसांत कामाचा भार थोडा हलका ठेवणे आणि एका विश्वासू माणसाला कल्पना देऊन ठेवणे शक्य होते.

पहिली काही मिनिटे

सर्वप्रथम शारीरिक सुरक्षितता पाहावी. वाहन चालवत असाल तर ते बाजूला घेऊन थांबवावे, हातात धारदार वस्तू असेल तर खाली ठेवावी, जिन्यावर असाल तर कठडा धरून बसावे. पुढचे सारे यानंतर.

दुसरे पाऊल म्हणजे घडते आहे त्याला नाव देणे. शक्य असेल तर मोठ्याने म्हणावे: “ही आठवण आहे. आज अमुक तारीख आहे. मी अमुक ठिकाणी आहे. ते तेव्हा घडले, आत्ता घडत नाही.” ही वाक्ये साधी दिसतात, पण काळाचा जो शिक्का त्या आठवणीवर नाही, तो त्यांच्यामुळे बाहेरून लावला जातो. आधीच कागदावर लिहून पाकिटात ठेवली तर अधिक बरे, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

तिसरे पाऊल माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे आणि तेच सर्वाधिक वेळा गाळले जाते. मानसशास्त्रज्ञ आंके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी २००० मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीत ‘तेव्हा’ आणि ‘आत्ता’ यांतला फरक शोधण्यावर भर आहे. म्हणजे ज्या गोष्टीने आठवण जागी झाली तिच्याकडे पाहून सारखेपणा एकाच वाक्यात मान्य करायचा आणि वेगळेपणा मात्र सविस्तर मोजायचा. उदाहरणार्थ: “तेव्हाही दार असेच आपटले होते. पण हे दार वाऱ्याने आपटले, ते निळे आहे, त्याची कडी माझ्या हातात आहे, मी आता चाळीस वर्षांची आहे, माझ्याजवळ फोन आहे आणि मी इथून बाहेर जाऊ शकते.” फरक जितके ठोस तितके चांगले. पूर्वी जे करता आले नव्हते ते काहीतरी करणे, जसे उठून उभे राहणे, दार उघडणे, खोलीबाहेर पडणे, हेही शरीराला तोच फरक सांगते.

या सगळ्यात डोळे उघडे ठेवावेत. शांत होण्यासाठी डोळे मिटून ध्यानाला बसण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. इतर वेळी तो चांगला असेल, पण फ्लॅशबॅक, म्हणजे घटना आत्ता पुन्हा घडत असल्याचा अनुभव, चालू असताना डोळे मिटले की समोर फक्त ती आठवणच उरते. भोवतालच्या पाच वस्तू पाहून त्यांची नावे घेणे, चार गोष्टींना स्पर्श करणे, तीन आवाज ऐकणे, दोन वास घेणे आणि एक चव घेणे हा ग्राउंडिंगचा, म्हणजे लक्ष आठवणीतून काढून वर्तमानात आणण्याचा, प्रचलित क्रम आहे. तो तंतोतंत पाळण्याची गरज नाही, लक्ष बाहेर वळले की काम झाले. श्वासोच्छ्वासाचा उपयोग करायचा असेल तर श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवावा, जसे चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर. मात्र गुदमरण्याशी किंवा छातीवरच्या दाबाशी जोडलेला आघात असेल, तर श्वासाकडे लक्ष देताच भीती वाढू शकते. तसे झाल्यास श्वासाचा उपाय सोडून द्यावा आणि पायांच्या तळव्यांकडे किंवा हातातल्या वस्तूकडे वळावे.

इथे आपली अवस्था नेमकी कोणती आहे हे ओळखणे आवश्यक आहे. धडधड, घाम, पळून जावेसे वाटणे ही उत्तेजित अवस्था; तिथे संथपणा उपयोगी पडतो. याउलट काही जण थिजतात, त्यांना आवाज लांबून येऊ लागतात, स्वतःचे शरीर परके वाटते. त्यांना आणखी शांत करणारे उपाय दिले तर ते अधिकच दूर जातात. त्यांनी उभे राहावे, गार पाणी मनगटावर घ्यावे, पाय जमिनीवर जोराने दाबावेत, मोठ्याने काहीतरी वाचावे.

एक गोष्ट करू नये, ती म्हणजे ‘हा विचार मनात येताच कामा नये’ असा हट्ट. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते. त्यांना तो टाळता आला नाहीच, शिवाय नंतर मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून तो विचार करण्यास सांगितलेल्या लोकांपेक्षाही त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आले. आठवण खोलीच्या एका कोपऱ्यात असू द्यावी आणि आपण आपले लक्ष दुसरीकडे न्यावे, एवढेच पुरेसे आहे.

त्याच दिवशी आणि त्या रात्री

लाट ओसरल्यावर अंगात कापरे, थकवा, डोकेदुखी, भूक मंदावणे हे काही तास राहू शकते. पाणी प्यावे, थोडे खावे, थोडे चालावे आणि शक्य असेल तर ठरलेल्या कामांपैकी एखादे साधे काम पूर्ण करावे. जवळच्या एका माणसाला एकच वाक्य सांगावे: “आज मला जुने काही आठवले, तपशील सांगायचा नाही, पण थोडा वेळ सोबत हवी आहे.” तपशील न सांगण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला की मदत मागणे सोपे होते.

नाते तोडणे, राजीनामा देणे, कोणाला जाब विचारणारा फोन करणे, सगळे सार्वजनिकरीत्या लिहून टाकणे, यांतले काहीही त्या दिवशी करू नये. यांतल्या काही गोष्टी पुढे योग्यही ठरतील, पण त्यांचा विचार शांत मनाने, आधार हाताशी असताना व्हायला हवा. दारू टाळावी, कारण ती झोप खंडित करते आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढवते. गुंगीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र तणावाच्या लक्षणांसाठी प्रौढांना बेंझोडायझेपिन गटातली औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ही औषधे आधीपासून चालू असतील तर मात्र ती एकाएकी बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावीत.

रात्री दचकून जाग आल्यास अंथरुणात पडून झगडण्यापेक्षा दिवा लावून उठावे, खोलीतल्या वस्तूंवर नजर फिरवावी आणि झोप आल्यावरच परत यावे. तेच स्वप्न वारंवार पडत असेल तर त्यावर अभ्यासलेला उपाय आहे. बॅरी क्राकाउ आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबरोबर केलेली त्याची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्नाची कथा स्वतःला हवी तशी बदलायची आणि ती नवी कथा रोज काही मिनिटे मनात घोळवायची असते. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये, त्यातल्या त्यात सौम्य स्वप्न निवडावे.

नोंद कशी ठेवावी

दुसऱ्या दिवशी, उजेडात, दहा मिनिटांपेक्षा कमी वेळात एक छोटी नोंद करावी. तारीख व वेळ, त्याआधीच्या पाच मिनिटांत भोवताली काय होते, आठवण कोणत्या इंद्रियाच्या रूपात आली, तीव्रता शून्य ते दहा या मापावर किती होती, पूर्ववत व्हायला किती वेळ लागला आणि कशाचा उपयोग झाला, एवढेच लिहावे. आठवणीच्या आशयासाठी एक मथळा पुरे, जसे ‘जिना, संध्याकाळ’. संपूर्ण प्रसंग एकट्याने लिहून काढण्याचा मोह आवरावा. भावनिक लेखनाच्या फायद्यांबद्दल जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, पण तिथे महाविद्यालयीन विद्यार्थी सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे लिहीत होते. नुकत्याच उसळलेल्या फ्लॅशबॅकच्या दुसऱ्या दिवशी एकट्याने लिहिणे ही सर्वस्वी वेगळी परिस्थिती आहे. तसे लेखन थेरपिस्टच्या सोबतीने करावे.

नोंदीत दोन रकाने अवश्य करावेत: ‘आठवले ते’ आणि ‘त्यावरून मला वाटले ते’. ‘काळा बूट दिसला’ हे पहिल्या रकान्यात, ‘तो अमुकचाच असणार’ हे दुसऱ्या. हा भेद सुरुवातीला कृत्रिम वाटेल, पण पुढे तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. महिन्याभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की निमित्ते उघड होतात. प्रगती मोजताना आठवणी किती वेळा आल्या हे मोजू नये. आल्यावर आपण किती लवकर परत आलो आणि त्या दिवशीचे काम किती राहून गेले हे पाहावे. संख्या तीच राहूनही माणूस पुष्कळ बरा झालेला असू शकतो.

आठवण पूर्वी कधीच नव्हती, तर ती खरी मानावी का?

या प्रश्नापाशी माणसे सर्वाधिक होरपळतात आणि इथेच दोन्ही बाजूंनी घाईचे सल्ले मिळतात. एक बाजू म्हणते, इतके स्पष्ट आठवते म्हणजे खरेच असणार. दुसरी म्हणते, इतकी वर्षे आठवले नाही म्हणजे मनाचा खेळ. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

स्मृती दर वेळी नव्याने जुळवली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले होते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या अभ्यासात २४ जणांना बालपणीचे काही खरे प्रसंग आणि ‘तू दुकानांच्या मोठ्या संकुलात हरवला होतास’ असा एक रचलेला प्रसंग सांगितला गेला. सुमारे पाव लोकांना तो खोटा प्रसंग पूर्णपणे किंवा अंशतः ‘आठवला’. म्हणजे सूचनेतून आठवण तयार होऊ शकते, आणि ठळकपणा किंवा भावनेची तीव्रता हा सत्याचा पुरावा नव्हे. त्याच वेळी हेही तितकेच खरे आहे की प्रत्यक्ष घडलेल्या आघातांचे तपशील वर्षानुवर्षे मनात न येता नंतर आठवू शकतात, आणि क्रम विस्कटलेला असणे किंवा तपशील तुटक असणे म्हणजे घटना घडलीच नाही असे नाही. आठवणीच्या आतून पाहून ती कोणत्या प्रकारची आहे हे ठरवता येत नाही. बाहेरचा आधार लागतो.

म्हणून ‘मला असे आठवले आहे, ते कितपत नेमके आहे हे मला अजून माहीत नाही, आणि त्याने मला होणारा त्रास मात्र निश्चित खरा आहे’ या वाक्यावर काही काळ थांबण्याची मुभा स्वतःला द्यावी. भीती, शरम, संताप यांवर काम करण्यासाठी प्रत्येक तपशील सिद्ध व्हावा लागत नाही. आठवण पूर्ण करण्यासाठी खोदकाम करू नये. संमोहन, ‘डोळे मिटून काय झाले असेल त्याची कल्पना करा’ अशा पद्धती किंवा औषधाच्या अंमलाखाली स्मृती शोधणे यांना स्पष्ट नकार द्यावा, कारण नेमक्या अशाच परिस्थितीत कल्पना आणि स्मृती एकमेकींत मिसळतात. ‘तुमची लक्षणे पाहता तुमच्या बाबतीत असे घडलेच असणार’ असे कोणी उपचारकर्ता ठामपणे सांगत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. भावंडांना विचारायचे असेल तर प्रश्न मोकळा ठेवावा. “त्या घरातले तुला काय आठवते?” असे विचारावे, आपली आठवण आधी सांगून होकार मागितला तर दोघांच्याही स्मृती गढूळ होतात. जुनी छायाचित्रे, पत्रे, रोजनिशी, दवाखान्याचे कागद हे अधिक विश्वासार्ह आधार आहेत, पण तेही सोबत कोणी असताना पाहावेत.

याला दोन अपवाद आहेत. प्रकरण न्यायालयात किंवा पोलिसांकडे आहे अथवा जाण्याची शक्यता आहे, अशा वेळी पहिली नोंद तारखेसह जशीच्या तशी जपावी, तिच्यात नंतर खाडाखोड करू नये आणि पुढच्या पावलाआधी वकिलाशी बोलावे. दुसरा अपवाद अधिक तातडीचा आहे: आठवणीतली व्यक्ती आजही एखाद्या बालकाच्या किंवा असहाय माणसाच्या सान्निध्यात असेल आणि त्याला धोका आहे असे वाटण्यास कारण असेल, तर स्वतःच्या आठवणीबद्दल खात्री होईपर्यंत थांबू नये. संशय संशय म्हणूनच बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवावा. शहानिशा करणे हे त्यांचे काम आहे.

सुखद आठवण आली तर

अनपेक्षित आठवण दर वेळी भयंकरच असते असे नाही. ज्याने छळले त्याच माणसाने कधीतरी प्रेमाने शिकवलेले गाणे आठवते, किंवा गमावलेल्या जिवलगाचे हसणे ऐकू येते, आणि त्यापाठोपाठ अपराधी वाटते. कित्येकांना या आठवणी फ्लॅशबॅकपेक्षाही जड जातात. त्यांच्यामागे एक दिलासा देणारी शक्यता आहे. मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ मध्ये दाखवले, की खोल मानसिक संकटातून गेलेल्या माणसांना विशिष्ट प्रसंग आठवणे कठीण जाते आणि त्यांच्या आठवणी ‘मी तेव्हा नेहमी दुःखी असे’ अशा मोघम होतात. आघात सोसलेल्यांतही पुढे हेच दिसून आले. त्यामुळे एखादा नेमका, तपशीलवार प्रसंग आठवू लागणे हे स्मृती मोकळी होत असल्याचे चिन्ह असू शकते. अशा आठवणीपाशी मिनिटभर थांबावे, तिचे रंग, आवाज पाहावेत. चांगला क्षण खरा होता म्हणून अन्याय खोटा ठरत नाही, आणि तो आठवला म्हणून त्या माणसाकडे परत जाण्याचे किंवा त्याला क्षमा करण्याचे कोणतेही कर्तव्य निर्माण होत नाही.

सोबत असणाऱ्यांसाठी

समोरच्या माणसाला फ्लॅशबॅक येत असेल तर समोरून, दिसेल असे, हळू बोलावे; न विचारता स्पर्श करू नये, पाठीमागून तर नाहीच. आपले नाव, ठिकाण आणि ‘तू सुरक्षित आहेस’ एवढे पुरेसे आहे. नंतर “काय आठवले?” असे खोदून विचारण्यापेक्षा “आत्ता काय केलेले चालेल?” असे विचारावे. मन मोकळे केल्याने लगेच बरे वाटते या समजुतीने बोलण्याचा आग्रह धरू नये. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सारे वदवून घेण्याची पद्धत पीटीएसडी टाळण्यासाठी वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

तज्ज्ञांकडे केव्हा आणि कसे जावे

आठवणी, दुःस्वप्ने, टाळाटाळ व सततची सावधवृत्ती महिन्याहून अधिक काळ टिकली किंवा काम, झोप, नाती यांत अडथळा येऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा आघातावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ गाठावा. मधला काही काळ कसा गेला हेच न आठवणे, स्वतःला इजा करणे, व्यसन वाढणे ही लवकर जाण्याची कारणे आहेत. जीव देण्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नये आणि त्याच दिवशी आपत्कालीन सेवा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी), एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रोलाँग्ड एक्सपोजर पद्धत (आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे) आणि फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करणे) या चांगला पुरावा असलेल्या पद्धती आहेत. साध्या प्रकरणात बहुधा ८ ते १५ सत्रे लागतात, बालपणापासूनच्या दीर्घ छळात अधिक. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आठवणी तात्पुरत्या वाढू शकतात, हे आधी माहीत असले की माणूस अर्ध्यावर सोडून जात नाही. तरीही वाढ सहन होण्यापलीकडे गेली तर ते लगेच सांगावे. वेग कमी करता येतो आणि तसे करण्यास तयार नसलेला थेरपिस्ट बदलता येतो.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत: आघातावरील कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे, सत्राच्या शेवटी अस्वस्थ असल्यास काय केले जाते, आणि नव्याने आलेल्या, खात्री नसलेल्या आठवणींबाबत त्यांची भूमिका काय आहे. तिसऱ्या प्रश्नाला ‘आपण त्या उघड्या ठेवू, घाईने खऱ्याही मानणार नाही आणि खोट्याही’ अशा आशयाचे उत्तर मिळाले, तर दोन रकान्यांची ती वही पुढच्या सत्राला सोबत घेऊन जावी आणि कोणत्या नोंदीपासून सुरुवात करायची हे स्वतः निवडावे.